विडी ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न: माझे वडील ६२ वर्षांचे असून ३० वर्षांपासून विडी ओढतात. फुप्फुसांच्या रक्षणासाठी त्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. त्या चालू ठेवाव्यात का?

उत्तर: नाही, त्या आजच थांबवाव्यात. अन्नापासून ऊर्जा तयार होताना पेशींत मुक्त मूलके निर्माण होतात आणि विडीच्या धुराने त्यांत मोठी भर पडते. जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे अस्थिर झालेले असे मूलक शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्यातून पेशीच्या आवरणाला किंवा डीएनएला इजा पोहोचते. बीटा-कॅरोटीन हे गाजर, पालक अशा भाज्यांतील रंगद्रव्य अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे अशा मूलकांना निष्प्रभ करणारे; त्यामुळे त्याच्या गोळीची आशा वाटणे स्वाभाविकच होते. परंतु फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळले. शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी अशीच मूलके वापरतात, म्हणजे ती सर्वस्वी वाईट नसतात, हेही विसरू नये. गाजर, पालक, शेवग्याचा पाला वडिलांनी निर्धास्त खावा. धोका गोळीतील मोठ्या मात्रेचा आहे. गोळीच्या भरवशावर विडी चालू राहते, याची मला अधिक काळजी वाटते, म्हणून ती सोडवण्यासाठी त्यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.