पाण्याखालून कसा दिसतो तुमचा किडा?

मागच्या अंकात मासे पकडण्यासाठी फोमपासून गळावर बांधायच्या नकली किड्यांविषयी, म्हणजे फोमच्या फ्लायविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतून चार निवडली आहेत. बऱ्याच जणांनी सोबत फोटो पाठवले, त्याबद्दल आभार. जवळजवळ प्रत्येक फोटोत फोम जास्त झाला आहे, त्यामुळे तो मुद्दा खाली पुन्हा पुन्हा येईल.

ताई, जुन्या सोफ्याच्या गादीतला फोम कापून भुंगेरा बांधला. दोन-तीनदा पाण्यावर टाकला की बुडतो. शिवाय धागा ओढला की फोम कापला जातो. कुठला फोम आणि कुठला धागा घ्यावा? (डोंबिवली)

गादीचा फोम म्हणजे स्पंज. त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि जड होतो. आपल्याला हवा तो फोम, ज्यातला प्रत्येक बुडबुडा आपापल्या जागी बंद असतो. मुलांच्या हस्तकलेसाठी मिळते ती ईव्हीए फोम शीट अगदी योग्य. जाडी 2 मिलिमीटर घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर ढिगाने रंग मिळतात, पण काळा, तपकिरी आणि पोपटी एवढे तीन गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडेही असतात. घरी आणल्यावर एक तुकडा वाटीभर पाण्यात बुडवून बोटांनी दाबा आणि सोडा. बुडबुडे न येता टुणकन वर आला, तर तो कामाचा. थर्माकोल नको, धाग्याखाली त्याचा चुरा होतो. खोक्यांत येणारा पांढरा पॅकिंग फोम तरंगतो खरा, पण धागा ताणला की फाटतो.

आता धागा. आयुष्यभर शिवणकाम शिकवलं आहे, तेव्हा इथे जरा सविस्तर सांगते. फ्लाय बांधणारे साधारण 140 डेनिअरचा धागा फोमला वापरतात. डेनिअर आणि टेक्स ही धाग्याच्या जाडीची मापं, आकडा मोठा तितका धागा जाड. त्याहून बारीक धागा सुरीसारखा आत शिरतो, तुमचं तेच झालं असणार. आपल्याकडे ओव्हरलॉक मशीनचा पॉलिएस्टर धागा टेक्स 18 चा मिळतो. टेक्सला 9 ने गुणलं की डेनिअर येतो, म्हणजे हा 162 चा झाला. उत्तम चालतो. भरतकामाच्या चकचकीत रिळांचा मोह होईल, पण आधी ती रेयॉनची आहेत का ते बघा. रेयॉन ओला झाला की कमजोर होतो आणि आपलं सगळं काम पाण्यातलं. चिमट्यात धागा धरून टोक पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. मोठ्यांनीच करावं, आणि बेसिनवर.

फोमवर पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, ओढायचे नाहीत. तिसऱ्यापासून हळूहळू ताण वाढवायचा. पहिल्याच वेढ्याला जोर दिला तर जाड धाग्यानेही फोम चिरतो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही हिमाचलला तीर्थनच्या खोऱ्यात जाणार आहोत. मुलाला स्वतः बांधलेल्या फ्लायवर ट्राउट पकडायचा आहे. एकच प्रकार शिकायचा तर कोणता? कृती सांगाल का? (ठाणे)

काळा भुंगेरा. दुसरं काही नको. काठावरच्या गवतातून आणि झाडांवरून भुंगेरे, नाकतोडे, मुंगळे पाण्यात पडत असतात आणि ट्राउट त्यांची वाट बघत काठाला थांबतो. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, उन्हं चढल्यावर थोडा वारा असेल तर हे किडे जास्त पडतात. ऑक्टोबर त्यासाठी चांगला. मात्र महिना संपायच्या आत जा, कारण हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउटचा तो विणीचा काळ. मत्स्यविभागाचा परवाना तिथे गेल्यावर आधी काढा, मग रॉड उघडा. हा मासा मुळात आपल्याकडचा नाही. 1900 च्या सुमाराला काश्मीरमध्ये आणि 1909 मध्ये कुलूकडे तो आणून सोडला, आणि थंड पाण्यामुळे तिथे रुजला.

कृती अशी. 12 नंबरचा ड्राय फ्लाय हुक, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लायसाठीचा गळ घ्या. आकडा वाढला की गळ लहान होतो, हे मुलाला आधी सांगा. पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही आणि मुलाच्या बोटात गेला तरी सहज निघतो. गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंज्यात बसवा. नेढ्याच्या मागून सुरुवात करून गळाच्या वाकापर्यंत दांडीवर शेजारी शेजारी वेढे घाला. उघड्या गुळगुळीत दांडीवर फोम गरगर फिरतो, त्याची तक्रार पुष्कळ पत्रांत आहे. त्यावर उपाय हाच: आधी धाग्याचा पाया, त्यावर फेविक्विकचा टिपूस, मग फोम.

फोमची पट्टी गळाच्या तोंडाइतकी रुंद कापा. गळाचं तोंड म्हणजे दांडी आणि टोक यांमधलं अंतर. पट्टी गळाशेजारी धरूनच मापा, फूटपट्टीने मोजत बसू नका. तिचं एक टोक निमुळतं करा आणि ते वाकाजवळ बांधा, उरलेली पट्टी मागे लोंबू द्या. पोटासाठी काळी लोकर घ्या. परदेशी कृतींत इथे मोरपिसाचे तंतू सांगतात. मी ते वापरत नाही. मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि बाजारातलं पीस गळलेलं की उपटलेलं हे आपल्याला बघून कळत नाही. लोकरीचा एकच पदर सोडवून घ्या आणि नेढ्याच्या थोडं मागेपर्यंत गुंडाळा.

आता लोंबणारी पट्टी पाठीवरून पुढे आणा. ओढू नका. ओढलेला फोम पातळ होतो, त्यातली हवा दबते आणि तरंगण्याची ताकद जाते. नुसती वळवून नेढ्याच्या मागे बांधा. त्याच जागी दोन्ही बाजूंना पायांसाठी रबराचा एकेक धागा. कपड्यात घालायचं विणलेलं इलॅस्टिक उसवलं की आत हेच रबर असतं. पुढे राहिलेला फोम नेढ्याच्या जरा पुढे कापा, ते डोकं. गाठ मारा, पोटाखाली फेविक्विकचा एक टिपूस द्या. पाठीवर नारिंगी फोमचा इवलासा तुकडा चिकटवला तर मुलाला पाण्यावर फ्लाय शोधायला सोपं जातं. माशाला तो दिसत नाही.

का दिसत नाही? हेच मला सगळ्या वाचकांना सांगायचं आहे. आपण किडा वरून बघतो, मासा खालून बघतो. झालेला भुंगेरा पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात तरंगत ठेवा, ग्लास डोळ्यांच्या वर धरा आणि खालून बघा. पाठीवरचे रंग, ठिपके, डोळे, सगळं गायब. दिसतं ते काळं पोट, पसरलेले पाय, आणि पाय टेकतात तिथे पाण्याच्या पातळ पडद्यावर पडलेले बारीक खळगे. ग्लास थोडा तिरका धरला की पाण्याची खालची बाजू आरशासारखी चमकते आणि त्या आरशात फक्त खळगे आणि पाण्याखाली गेलेला भाग उरतो. लांब असलेल्या माशाला पहिल्यांदा एवढंच दिसतं. खऱ्या भुंगेऱ्याचं पोट पाण्यात बुडलेलं असतं. तुमच्या फ्लायवर फोम जास्त झाला तर ती बुचासारखी उंच तरंगते आणि पोट पाण्याला लागतच नाही. ग्लासात असं दिसलं तर वरून नाही, बाजूंनी फोम कातरा. गळाचं तोंडही मोकळं होतं.

टाकताना काठाच्या गवताजवळ किंवा मोठ्या दगडाच्या बाजूला टाका आणि प्रवाहाबरोबर तिला जाऊ द्या. दोरीचा ओढा बसून फ्लायमागे रेघ उठली की ट्राउट वळतो.

अमेरिकन व्हिडिओंत ब्लूगिल नावाचे मासे फोमच्या किड्यांवर तुटून पडतात. पवई तलावात असं काही मिळेल का? (कांजुरमार्ग)

ब्लूगिल, क्रॅपी, सनफिश या तव्यात मावणाऱ्या माशांना तिकडे पॅनफिश म्हणतात. पवईत आपल्याला भेटतो तो तिलापिया. तो मुख्यतः शेवाळ आणि गाळातलं खाणारा, पण पाण्यावरचा किडा घेताना मी त्याला पाहिलं आहे. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उडतात, ट्यूबलाइटखाली परात भरून पाणी ठेवावं लागतं ना, तेव्हाच्या संध्याकाळी त्यासाठी सगळ्यात चांगल्या. परातीत पडलेलं पाखरू नीट बघा: अंग पातळ, पंख पाण्याला चिकटलेले, पाय दिसतसुद्धा नाहीत. तपकिरी फोमची अरुंद पट्टी, 14 नंबरचा गळ, पंखांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा. झालं.

ब्लूगिलच्या कृती वाचाल तेव्हा एक लक्षात घ्या. त्याचं तोंड चिमुकलं असतं आणि तो किडा ओढून घेत नाही, शोषून घेतो. फोम रुंद असला तर फ्लाय तोंडात शिरतच नाही. पाय लांब असले तर तो पाय धरून ओढतो आणि तुम्ही रिकामा झटका देता. 10 किंवा 12 नंबर, पाय गळाच्या लांबीहून थोडेच जास्त, आणि पाण्यावर पडल्यावर वलयं विरेपर्यंत हात स्थिर. हे आपल्या लहान तोंडाच्या माशांनाही लागू आहे.

पवईला जाण्याआधी तिथल्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे परवानगीची चौकशी करा. तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसणं, अंधार पडल्यावर काठाशी रेंगाळणं नको. विहार आणि तुळशी हे राष्ट्रीय उद्यानातले, पिण्याच्या पाण्याचे तलाव. तिकडे गळ घेऊन जाऊच नका.

मी आठवीत आहे. बाबांबरोबर फ्लाय बांधते. फोम म्हणजे प्लॅस्टिकच ना? तो तुटून पाण्यात राहिला तर? (गिरगाव)

हो गं, प्लॅस्टिकच, आणि तो कुजत नाही. तुझा प्रश्न मोठ्यांपैकी कुणी विचारला नाही, म्हणून तुला विशेष शाबासकी. फोम सुटतो तो बहुतेक दोन ठिकाणी: पाठीवरचा तो नारिंगी तुकडा आणि डोकं. पाठीवरचा तुकडा नुसता चिकटवू नकोस, डोक्यामागच्या वेढ्यांत धाग्याखाली पकडून घे, मग चिकटव. डोक्यामागे एक वेढा कमी पडला वाटलं तर दोन जास्त घाल. झुडपात अडकलेली फ्लाय तोडून टाकायची नाही, बाबांना जाऊन सोडवायला सांग. कातरलेले तुकडे गॅलरीतून उडतात आणि पावसात थेट गटारात जातात, म्हणून ताटलीत फोम कापायचा आणि उरलेला चुरा डबीत भरायचा. लहान तुकडे वाया जात नाहीत. मुंगळ्याला तेवढेच लागतात: 2 मिलिमीटरचा काळा फोम, 14 नंबरचा गळ, मागे एक गोळा, पुढे एक गोळा, मध्ये धाग्याची कंबर. कंबर आवळायला घाबरू नकोस. खालून बघितल्यावर दोन वेगळे गोळे दिसले तरच तो मुंगळा, नाहीतर माशाला ती नुसती काळी काडी.

फेविक्विक लावताना खिडकी उघडी ठेव आणि बाटली बाबांच्या हातात असू दे. पुढच्या अंकासाठी तुझ्या मुंगळ्याचा फोटो पाठव, ग्लासाखालून काढलेला.