टर्पला मराठीत 'पांढर' म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आलाय की नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगेन प्रांतात एझिंगे नावाचं शेतकऱ्यांचं छोटं खेडं आहे, ते 'टर्प'वर, म्हणजे माणसांनी भर घालून केलेल्या उंचवट्यावर वसलंय, तर या टर्पला मराठीत टेकडी म्हणायचं, गढी म्हणायचं की आणखी काही?

टेकडी तर नकोच. टेकडी म्हटली की ती निसर्गाची, आणि तिकडे बघाल तिथं सपाट चिकणमाती, जे काही वर आलंय ते माणसांनी आणि गुरांनी मिळून वर आणलेलं. गढी म्हटलं की पाटील-देशमुखांचा वाडा आणि बुरूज डोळ्यापुढे येतात, तेही बाद.

झालं असं की समुद्राला बांध घालायला लागले ते इसवी सन १००० च्या आसपास किंवा त्यानंतर, त्याआधी दीड हजार वर्षं तरी लोक तिथं राहतच होते कारण गुरांना चरायला खाऱ्या दलदलीतलं गवत झकास. मग उधाण आलं की घरात पाणी, म्हणून शेण आणि मातीची ढेपं टाकून घराखालची जागा उंच करायची, पिढी गेली की पुन्हा भर, शेजारशेजारचे उंचवटे वाढत वाढत एक झाले आणि त्याचंच गाव झालं. प्लिनी या रोमन लेखकाने याच किनाऱ्यावर पुढे, आजच्या जर्मनीत, असेच राहणारे चाउकी लोक पाहून लिहून ठेवलंय की भरतीला हे जहाजातल्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे. सगळ्यात उंच टर्प शेजारच्या फ्रीसलंड प्रांतातल्या हेगेबेइंटुम गावचा, समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर, आणि वर चर्च.

आता पांढर. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढर म्हणजे वस्तीची जागा, पडलेली मातीची घरं, राख, शेण, उकिरडा यांचे थरावर थर साचून माती पांढुरकी होते म्हणून. इनामगाव, नेवासा अशा ठिकाणच्या उत्खननांबद्दल मराठीत लिहिताना 'पांढरीचं टेकाड' हाच शब्द सर्रास येतो. आणि गंमत म्हणजे शेतकरी ही पांढरी माती खणून शेतात खत म्हणून टाकतात, तर तिकडेही एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला टर्पच्या टर्प खणून माती होड्यांत भरून रेताड जमिनींना विकली, हेगेबेइंटुमचा मोठा लचका असाच गेला. एझिंगेची माती अशीच विकली जात असताना फान गिफेन या पुरातत्त्वज्ञाला खाली खणायची संधी मिळाली, १९२३ ते १९३४ त्याचं उत्खनन चाललं, आणि कुडाच्या भिंती, आतले गोठे, शेणासकट सगळं ओल्या मातीत टिकलेलं सापडलं, वस्ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपासची.

अजून एक जुळणी बघा. टर्प हा फ्रीसलंडच्या फ्रिशियन भाषेतला शब्द, मूळ अर्थ चक्क 'गाव', डच 'डॉर्प' आणि जर्मन 'डोर्फ' यांचा भाऊबंद. पांढरही तशीच, जागा पण आणि गाव पण ('काळी-पांढरी' म्हणतो तेव्हा तेच ना).

तरी मी सरळ 'पांढर' लिहिणार नाही. आपली पांढर आपोआप साचते, कुणी ती पाण्यापासून वाचायला रचलेली नसते, आणि टर्पमध्ये जीव वाचवायची धडपड हाच मुद्दा आहे. शिवाय मराठवाडा-विदर्भातला वाचक लगेच आपल्या गावातलं टेकाड डोळ्यासमोर आणेल आणि समुद्र विसरेल. म्हणून पहिल्यांदा येईल तिथं 'टर्प, म्हणजे भरतीपासून वाचायला भर घालून उंच केलेली पांढर' असं लिहा, पुढे नुसतं टर्प.

आणि हो, एझिंगेबद्दल लिहिताय तर एक सांगतो, टर्प हा फ्रीसलंडकडचा शब्द, ग्रोनिंगेनमध्ये त्यालाच 'वीर्दे' म्हणतात, तिथल्या माणसाला विचारायला गेलात तर वीर्दे म्हणा.