लाटा नवऱ्याच्या, बिल दोघांचं: मालदीवला जावं का?

प्रश्न: माझं वय 34, नवऱ्याचं 36. दोघंही नोकरीत, मूल नाही. दोघांचे मिळून हातात महिना 1,35,000 येतात. गृहकर्जाच्या 31,000 च्या हप्त्यासकट घरखर्च 78,000, एसआयपी 20,000. अडीअडचणीसाठी एफडी आणि बचत खात्यात मिळून 2,60,000 आहेत. नवरा गेली दोन वर्षं सर्फिंगच्या नादाला लागलाय. ऑगस्टमध्ये तो आणि त्याचे दोन मित्र मालदीवच्या थुलुसधू बेटावर पाच रात्रींच्या सर्फ कॅम्पला जायचं म्हणतायत आणि मीही यावं असा आग्रह आहे. कोटेशन असं: पॅकेज माणशी 82,000, विमान माणशी 28,000, दोघांचा वरखर्च 18,000. एकूण 2,38,000. मला पोहता येतं, सर्फिंग येत नाही आणि शिकायचंही नाही. एफडी मोडावी, की एजंट देतोय तो बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा? तीन रात्रींत उरकलं तर स्वस्त पडेल का? की त्याला एकट्याला पाठवून मी घरी बसू?

उत्तर: आधी निकाल सांगतो, मग हिशेब. ऑगस्टमध्ये जाऊ नका, तुम्हीही नको आणि तेही नको. पुढच्या एप्रिलमध्ये दोघं चार रात्री जा. आणि तुमच्या नावावरचं ते 82,000 चं सर्फ पॅकेज आहे तसं मान्य करू नका.

तुमच्या बाजूने सगळ्यात कच्चा दुवा सर्फिंगचा नाही, पैसे येणार कुठून याचा आहे. 2,60,000 मधून 2,38,000 गेले की 22,000 उरतात. तुमचा दिवसाचा घरखर्च 2,600 आहे. म्हणजे परतल्यावर तुमच्या गाठीशी साडेआठ दिवस असतील आणि गृहकर्जाचा हप्ता तर 31,000 चा आहे. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याजात थोडी कपात होते, ते सोसता येईल. पण दोघांपैकी एकाची नोकरी डळमळली तर पुढचा हप्ता कशातून भरणार? आजही तुमच्याकडे जेमतेम सव्वातीन महिन्यांची सोय आहे. गृहकर्ज डोक्यावर असताना मी सहा महिन्यांच्या खाली समाधानी होत नाही.

ईएमआय त्याहून नको. ऑगस्टात परत आलात तरी पुढच्या जुलैपर्यंत दरमहा 19,833 जात राहतील. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे व्याज नाही असं नसतं. ते किमतीत मुरवलेलं असतं, किंवा रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. शिवाय बँक प्रोसेसिंग फी लावते आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लावते, तो तुमच्याच खिशातून जातो. एजंटला एकच विचारा: आज सगळे पैसे एकरकमी दिले तर किती कमी करशील? जो आकडा तो सांगेल, ती त्या ‘नो-कॉस्ट’ची कॉस्ट.

नवऱ्याला एकट्याला पाठवायचं तर 1,10,000 लागतात. मग गाठीशी दीड लाख राहतात, म्हणजे दोन महिनेही नाहीत. तुम्ही घरी बसून त्याग केलात तरी पाया खचतोच. वर तुम्हाला काही मिळत नाही ते वेगळंच.

आता कोटेशन. पाच रात्रींचे 82,000 म्हणजे रात्रीला माणशी 16,400. त्यात खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, राजधानी मालेहून येण्याजाण्याची स्पीडबोट आणि रोजची दोन सर्फ सेशन्स, म्हणजे गाइड आणि धोणी (तिथली बोट), असं सगळं एकत्र गुंडाळलेलं असणार. यातलं शेवटचं तुम्हाला लागत नाही. सर्फ कॅम्प चालवणाऱ्या बऱ्याच गेस्टहाउसांकडे सर्फर नसलेल्या जोडीदाराचा वेगळा, कमी दर असतो. तो मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही, एवढंच. समजा सर्फचा भाग दिवसाला 6,000 निघाला, तर तुमचा दर रात्रीला 10,400 होतो. ‘तूही धोणीवर बसून ये ना, मजा येईल’ असं कोणी म्हणालं तर एकदा जाऊन बघा, पण त्यासाठी पाच दिवसांचे पैसे भरू नका. लाटेजवळ नांगरून ठेवलेल्या, सतत डोलणाऱ्या बोटीत भर उन्हात दोन-तीन तास बसणं ही पोट ढवळून निघण्याची हमखास कृती आहे. थुलुसधूची ‘कोक्स’ ही प्रसिद्ध लाट तर बेटाला लागूनच फुटते. शेजारच्या कोका-कोलाच्या कारखान्यावरून तिचं नाव पडलं. (हा कारखाना समुद्राचं पाणी गोडं करून त्यातून कोक बनवतो.) नवऱ्याचा पराक्रम किनाऱ्यावरून फुकट बघता येतो.

मित्रमंडळींत ‘सगळं समान वाटून घेऊ’ असं ठरतं, तिथेही लक्ष ठेवा. चहापाणी, जेवण जरूर समान वाटा. जादा सर्फ ट्रिप, बोर्डाचं भाडं, विमानात बोर्ड नेण्याचं शुल्क, फुटलेल्या बोर्डाची भरपाई हा ज्याचा त्याचा छंद आहे. तुमच्या घरातसुद्धा हा खर्च नवऱ्याच्या हातखर्चातून जाऊ दे, सामाईक खात्यातून नाही.

ऑगस्ट का नको, याचं पैशांपलीकडचंही कारण आहे. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे वाहतात. मोठ्या लाटांचे महिने नेमके याच काळात येतात. सर्फरला हवं ते सगळं असतं. तुमच्या वाट्याला ढगाळ आभाळ, मधूनच जोरदार सरी, दणके देणारी स्पीडबोट आणि बेभरवशाची स्नॉर्केलिंगची (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघण्याची) सहल येते. पावसाळी मोसम म्हणून खोल्या स्वस्त असतात हे खरं, पण ती स्वस्ताई कशामुळे आहे हे कळून घ्यायला हवं. या काळात सर्फर नसलेल्याला एक मोठी गोष्ट मिळते: साधारण जून ते नोव्हेंबर बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनीफारू खाडीत मांटा रे माशांचे थवे जमतात. तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. पण ते थुलुसधूहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं नाही. छोट्या सहलीत दोन अटॉल बसवायला गेलात तर पैसा आणि दिवस दोन्ही बोटींतच जातील. मांटाच बघायचे असतील तर कधीतरी त्यासाठीच वेगळं जा.

एप्रिल हा मधला रस्ता आहे. सर्फचा मोसम मार्चच्या सुमारास सुरू होतो, वारा अजून मंद असतो, समुद्र बराच शांत आणि पाणी स्वच्छ असतं. लाटा जून-जुलैइतक्या मोठ्या नसतात, पण नीटस असतात. दोन वर्षं सर्फिंग करणाऱ्याला त्या खुज्या वाटायचं कारण नाही, आणि तिथे लाट वाळूवर नाही, प्रवाळावर फुटते हे लक्षात घेता थोडी लहान असलेलीच बरी. ईस्टरच्या सुट्टीत भाव चढतात, तो आठवडा टाळा.

तीन रात्रींचा विचार सोडा. येण्याजाण्याचा पहिला आणि शेवटचा दिवस धरायचाच नाही. तीन रात्री म्हणजे पूर्ण दिवस दोन. तुमच्याच दराने दोघांचा खर्च 1,65,200 येतो, म्हणजे एका पूर्ण दिवसाला 82,600. पाच रात्रींना हाच आकडा 59,500 आहे. विमानाचे 56,000 तुम्ही किती राहता यावर बदलत नाहीत, म्हणून सहल जितकी आखूड तितका दिवस महाग. मग पाचच का नाहीत? कारण थुलुसधू चालत फिरायला फार वेळ लागत नाही. तीन मोकळे दिवस तुम्हाला छान जातील. चौथ्या दिवशी तुम्ही नवऱ्याची वाट बघत बसाल, आणि त्या जादा रात्रीचे सुधारित दरानेसुद्धा दोघांचे 26,800 पडतात. ते लाटेवाल्यासाठी असतील, तुमच्यासाठी नाहीत.

तुमच्या तीन दिवसांसाठी मी वेगळे 20,000 धरलेत, आणि या रकमेत काटकसर करू नका असं मुद्दाम सांगतो. सर्फरबरोबर जाणारी माणसं कंटाळतात ती बहुतेक याचमुळे: जोडीदाराच्या छंदाला बजेट असतं, त्यांच्या दिवसाला नसतं. डॉलर 90 रुपये धरू. स्नॉर्केलिंग आणि वाळूच्या उघड्या पट्ट्यावर थांबणारी बोटीची सहल साधारण 50 डॉलर, म्हणजे 4,500. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीची प्रशिक्षकाबरोबरची पहिली स्कूबा डाइव्ह 100 डॉलरच्या आसपास, 9,000. डाइव्ह पहिल्या किंवा दुसऱ्या मोकळ्या दिवशी घ्या, कारण त्यानंतर किमान 18 तास विमानात बसू नये. तिसरा दिवस पुस्तक, पोहणं आणि झोप. जवळच्या रिसॉर्टचा दिवसाचा पास हाही पर्याय आहे, पण त्याला सहज 100 ते 200 डॉलर पडतात. तलाव आणि बुफे यांची खास हौस असेल तर डाइव्हऐवजी तो घ्या. दोन्ही नको. थुलुसधू हे वस्तीचं बेट आहे, रिसॉर्ट नव्हे. तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी ठरावीक किनारा असतो. बारचं बिल वाचतं, हे हिशेबाच्या दृष्टीने वाईट नाही.

दरपत्रकातल्या बारीक अक्षरांपैकी दोन अधिकची चिन्हं नीट बघा. ‘100 डॉलर ++’ लिहिलं असेल तर त्यावर 10 टक्के सेवा शुल्क आणि मग एकूण रकमेवर 17 टक्के पर्यटन जीएसटी लागतो, म्हणजे बिल 128.70 होतं. ग्रीन टॅक्स वेगळा: वस्तीच्या बेटांवरच्या 50 खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसमध्ये माणशी दर रात्री 6 डॉलर. तुम्हा दोघांचे चार रात्रींचे 48 डॉलर, साधारण 4,300 रुपये. मालदीवचा प्रस्थान कर विमानाच्या तिकिटातच घेतला जातो, तो पुन्हा मोजू नका. व्हिसाचा खर्च नाही. भारतीयांना तो तिथे पोहोचल्यावर मोफत मिळतो, फक्त प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा. विमान दुपारनंतर फार उशिरा उतरणारं घेऊ नका. शेवटची स्पीडबोट चुकली तर माले किंवा हुलहुमालेत एका रात्रीचं हॉटेल गळ्यात पडतं. स्वस्त सार्वजनिक फेरीवर विसंबणार असाल तर शुक्रवार टाळा.

सगळं मांडलं तर असं होतं: विमान 56,000, नवऱ्याचं सर्फ पॅकेज चार रात्रींचं 65,600, तुमचं सर्फविना 41,600, तुमच्या दिवसांचे 20,000, विमा, कर आणि किरकोळ 12,000. एकूण 1,95,200. मूळ आकड्यापेक्षा जवळजवळ 43,000 कमी, आणि यात तुमची सहलही आहे.

हे पैसे कुठून? 1,35,000 मधून घरखर्च आणि एसआयपी वजा जाता 37,000 उरायला हवेत. ते दिसत नाहीत, म्हणजे कुठेतरी झिरपतायत. जुलैपासून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी 22,000 सहलीच्या वेगळ्या खात्यात आणि 10,000 अडीअडचणीच्या निधीत आपोआप वळते करा. उरलेले 5,000 झिरपू देत. मार्चअखेर नऊ महिन्यांत सहलीचे 1,98,000 होतात आणि निधी 3,50,000 वर जातो, म्हणजे साडेचार महिन्यांची सोय. सहा महिन्यांचं उद्दिष्ट सहलीनंतर हेच 32,000 निधीत वळवून चार महिन्यांत गाठता येईल. एसआयपीला हात लावू नका. सहलीचे पैसे मुदतीच्या आरडीत अडकवू नका, लिक्विड फंडात किंवा साध्या बचत खात्यात ठेवा, कारण तिकीट जानेवारीतच काढावं लागेल. तोवर सात हप्ते, म्हणजे 1,54,000 जमलेले असतील. त्यातून विमान आणि गेस्टहाउसची आगाऊ रक्कम आरामात निघते.

भारतातल्या एजंटकडून परदेशी टूर पॅकेज घेतलंत तर तो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, वसूल करेल. तो खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर पॅकेज, त्याला तो रिटर्न भरताना करात वळता करून किंवा परतावा म्हणून मिळतो. पण तोवर पैसे अडकतात, म्हणून त्याच्यासाठी आधीच जागा ठेवा. थेट गेस्टहाउसला कार्डाने पैसे देणार असाल तर कार्डाचं परकीय चलन शुल्क बघा. बहुतेक कार्डांवर ते 2 ते 3.5 टक्के असतं आणि त्यावर जीएसटी.

विम्यात कंजूषी नको, आणि पॉलिसी वाचल्याशिवाय तर मुळीच घेऊ नका. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वगळलेले असतात. नवऱ्याच्या पॉलिसीत सर्फिंग आणि तुमच्या पॉलिसीत ती एक डाइव्ह स्पष्ट लिहिलेली हवी. लागेल ते वाढीव कलम घ्या. प्रवाळावर पाय फाटला आणि बोटीने मालेच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर त्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

आज एवढंच करा: गेस्टहाउसला स्वतः मेल टाका, एजंटमार्फत नको. एप्रिलमधल्या चार रात्री, एक सर्फर आणि एक सर्फर नसलेली व्यक्ती, एकच खोली, दोघांचे दर वेगवेगळे, सर्व करांसह, स्पीडबोटीसह, आणि तारीख बदलल्यास किंवा रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे सगळं लेखी मागा. तुमचा दर 12,000 च्या वर सांगितला तर शेजारच्या दुसऱ्या गेस्टहाउसला तोच मेल पाठवा. मित्र एप्रिलला तयार नसतील तर त्यांना ऑगस्टमध्ये जाऊ द्या. खोली तुम्हा दोघांचीच आहे, त्यामुळे त्यांच्यावाचून तुमचा हिशेब बिघडत नाही.