एका हाताने कोलोरॅडो नदीचा शोध घेणारे जॉन वेस्ली पॉवेल कोण होते?

पॉवेल हे अमेरिकी भूवैज्ञानिक होते. यादवी युद्धात १८६२ साली शिलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला. तरीही २४ मे १८६९ रोजी स्वतःसह दहा जणांचे पथक आणि चार होड्या घेऊन ते वायोमिंगमधून कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीत उतरले आणि नकाशावर तोवर कोरा असलेला ग्रँड कॅन्यनचा प्रदेश पार करून ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोहोचले. वाटेत एक होडी खडकांवर फुटली, तेव्हा जिवावर उदार होऊन तिच्या सांगाड्यातून हवेचा दाब मोजणारे बॅरोमीटर परत मिळवले गेले, कारण उंची मोजण्याची सारी भिस्त त्यांच्यावरच होती (सोबत्यांनी व्हिस्कीचे पिंपही सोडले नाही!). एका कड्यावर पॉवेल अडकले असता ब्रॅडली या सहकाऱ्याने स्वतःची विजार काढून वरून सोडली आणि तिला धरून त्यांना ओढून घेतले.

माझ्या मते मात्र त्यांचे खरे मोठेपण १८७८ च्या अहवालात आहे. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात पाणी अपुरे असल्याने तेथील जमिनीचे वाटप पाण्याच्या उपलब्धतेनुसार व्हावे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे ते भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले, पण काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) हा सल्ला फारसा मनावर घेतला नाही.