सव्वानऊचा चौकोन, अठ्ठेचाळीसचा तारा

क्विल्टबद्दल, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीबद्दल, आलेल्या पत्रांपैकी या खेपेची बहुतेक मापांबद्दलची आहेत. उत्तरांत इंच आणि सूत वापरलं आहे. १ इंच म्हणजे ८ सूत. ब्लॉकचं, म्हणजे क्विल्टच्या एकेका जोडलेल्या चौकोनाचं, सगळं गणित पाव इंचाच्या, म्हणजे २ सुतांच्या मायेवर (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडावर) बेतलेलं असतं, म्हणून सेंटिमीटरच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : नऊ तुकड्यांचा साधा नाइन पॅच शिवते आहे. प्रत्येक तुकडा ३½ इंचांचा कापला. ब्लॉक ९½ इंच व्हायला हवा, तो ९¼ भरतो. कापताना दोनदा मोजलं होतं. — वाचक, कोथरूड

उत्तर : कापणं बरोबर आहे, माया जास्त जाते आहे. एका बाजूला अर्धा सूत जादा गेला, तर त्या शिवणीत दोन्ही बाजूंचा मिळून १ सूत जातो. नाइन पॅचमध्ये एका दिशेला दोन शिवणी असतात, म्हणजे २ सूत. तुमचा पाव इंच तिथे गेला.

मशीनच्या फुटाची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड पाव इंचावर असते, हे गृहीत धरू नका. काळ्या पायमशीनवर तर नाहीच. सुईखाली मापाची पट्टी ठेवा आणि हाताने चाक फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर टेकवा. पट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनवर मास्किंग टेपचे चार-पाच थर चिकटवा. कापड त्या उंचवट्याला घासून सरकलं पाहिजे. मग परीक्षा घ्या : १½ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टेप केसभर सुईकडे सरकवा. टेप अगदी पाव इंचावर असूनही मधली पट्टी थोडी कमी भरू शकते, कारण कापड दुमडतं त्या घडीत आणि दोऱ्याच्या जाडीत थोडं माप जातं. म्हणून टीप पाव इंचापेक्षा कणभर कमीच धरायची असते.

सगळे ब्लॉक सारखेच सव्वानऊचे झाले असतील तर उसवत बसू नका. नुसत्या नाइन पॅचची क्विल्ट त्या मापातही नीट जुळेल. मात्र शेजारी त्रिकोणांचे ब्लॉक आले की हीच चूक त्रिकोणांची टोकं खाऊन टाकते.

प्रश्न : आठ टोकांच्या ताऱ्याचा एकच मोठा ब्लॉक करून सिंगल बेडची क्विल्ट करायची आहे. कापड किती आणायचं, कसं कापायचं? — वाचक, चिंचवड

उत्तर : बेत चांगला आहे. जुना ब्लॉक नवा दिसायला भडक रंग लागत नाहीत. त्याचं माप बदला, त्याच्याभोवती मोकळी जागा सोडा आणि त्याला मधून हलवा, एवढं पुरतं. सॉटूथ स्टार घ्या. तो चार बाय चार घरांच्या जाळीवर बसतो : मध्ये चार घरांचा चौकोन, कोपऱ्यांत एकेक घर आणि चारही बाजूंना दोन घरांचा फ्लाइंग गीझ नावाचा तुकडा. त्यात पार्श्वभूमीचा मोठा त्रिकोण आणि दोन बाजूंना ताऱ्याच्या रंगाचे लहान त्रिकोण असतात.

एक घर १२ इंचांचं धरलं की तारा ४८ इंचांचा होतो. ६० बाय ९० इंचांच्या क्विल्टवर तो वरच्या बाजूला सरकवा. वर ९ इंच, खाली ३३ इंच आणि दोन्ही बाजूंना ६-६ इंच पार्श्वभूमी सोडा.

ताऱ्याचा रंग : मधला चौकोन २४½ इंच, १ नग, लहान चौकोन १२ इंच ७ सूत, ४ नग. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात हे ३९ इंच लांबीत बसतं. आटणं आणि कापताना होणारं वाकडंतिकडं धरून सव्वा मीटर आणा.

पार्श्वभूमी : मोठा चौकोन २५¼ इंच, १ नग, कोपऱ्याचे चौकोन १२½ इंच, ४ नग, बाजूच्या पट्ट्या ६½ बाय ४८½, २ नग, वरची पट्टी ६०½ बाय ९½, खालची ६०½ बाय ३३½. कापडाच्या लांबीत आधी ३३½ ची पट्टी काढा, तिच्या शेजारी एक ६½ ची बसते. पुढच्या ६०½ इंचांत ९½ ची पट्टी, दुसरी ६½ ची आणि उरलेल्या रुंदीत मोठा चौकोन. त्याच्याखाली कोपऱ्याचे चारही. एकूण १२१ इंच होतात, साडेतीन मीटर घ्या. रविवार पेठेतल्या कापडगंजात असो वा लक्ष्मी रोडला, पन्हा विचारूनच कापड फाडून घ्या. ३६ इंच पन्ह्यात ही मांडणी बसणार नाही. कापण्याआधी धुऊन इस्त्री केलेल्या कापडाचा पन्हा, दोन्ही किनारी सोडून, निदान ४१¼ इंच भरतो ना, तेवढं बघा.

आता फ्लाइंग गीझचे चारही तुकडे एका मोठ्या चौकोनातून एकदम काढा. मोठा चौकोन सुलटा ठेवून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन लहान चौकोन उलटे ठेवा. मध्ये ते अर्धा इंच एकमेकांवर येतील, येऊ द्या. दोन्हींच्या कर्णांतून जाणारी एकच रेघ आखा. रेघेच्या दोन्ही अंगांनी पाव इंचावर टीप मारा आणि रेघेवर कापा. दोन भाग मिळतील. लहान त्रिकोण बाहेरच्या बाजूला उलगडून इस्त्री करा. प्रत्येक भागाच्या उरलेल्या कोपऱ्यावर तिसरा लहान चौकोन उलटा ठेवा, कोपऱ्यापासून दोन त्रिकोणांमधल्या खाचेकडे रेघ आखा, पुन्हा दोन टिपा, पुन्हा काप. असे चार तुकडे, प्रत्येक २४½ बाय १२½.

बिघडतं ते इथेच. या तिरक्या शिवणी सुमारे १८ इंच लांब आहेत आणि त्यांच्या दोन्ही कडा उरेब, म्हणजे विणीला तिरक्या कापलेल्या. उरेब कापड हातात धरलं तरी ताणतं. म्हणून कापायच्या आधी कापडाला दाट खळ द्या. इस्त्री घासत न्यायची नाही, उचलायची, ठेवायची. मोठ्या त्रिकोणाच्या टोकावर वरच्या कडेपासून २ सूत कापड उरलं पाहिजे, नाहीतर जोडताना टोक शिवणीत जाईल. उरलं नसेल तर तो तुकडा फेकू नका, जोडताना तिथे माया अर्धा सूत कमी घ्या.

प्रश्न : घरात खण आणि इरकलचे तुकडे पडून आहेत. सुती ब्लॉकमध्ये चालतील का? — वाचक, सहकारनगर

उत्तर : चालतील, पण थोडे. एक दोरा काढून जाळून बघा. कागदासारखी राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मणी झाला तर इस्त्री मंद. खणाच्या कडा उसवतात, म्हणून मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा आणि मगच कापा. रंगाची परीक्षा आधीच : तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग उतरला तर रोजच्या क्विल्टमध्ये तो नको. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने सुती रंग पक्का होत नाही, कोणी कितीही सांगो.

प्रश्न : लॉग केबिन अगदी आपल्या गोधडीसारखा वाटतो. मग तो नव्या पद्धतीचा कसा करायचा? — वाचक, धायरी

उत्तर : लॉग केबिन म्हणजे मधल्या चौकोनाभोवती फेर धरून पट्ट्या, दोन बाजू उजळ आणि दोन गडद. अमेरिकेत तो १८६० नंतरच्या दशकांत फार पसरला. मध्यातला लाल चौकोन घरातल्या चुलीचा मानतात. अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या बायकांनी हाच फेर जुन्या कामाच्या कपड्यांतून मोजमाप न करता धरला आणि २००२ मध्ये त्या क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. जीर्ण लुगडी आणि सदऱ्यांतून वाकळ शिवणाऱ्या हातांना हे परकं वाटायचं कारण नाही.

तुम्ही मधला चौकोन जरा तिरका कापा आणि पट्ट्यांची रुंदी १ ते २½ इंचांत कमीजास्त ठेवा. दोन बाजूंना रुंद, दोन बाजूंना अरुंद लावल्या की मध्य आपोआप सरकतो. ब्लॉक १३ इंचांच्या पुढे गेला की छाटून १२½ करा. प्रत्येक पट्टी लावली की इस्त्री, मग पुढची. हे टाळलं की ब्लॉक वाटीसारखा फुगतो, आणि फुगलेला ब्लॉक छाटून सपाट होत नाही. उजळ-गडद ठरवायला सगळ्या पट्ट्या मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. पिवळा आणि गुलाबी, डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी, त्यात बऱ्याचदा एकच करडे निघतात.

प्रश्न : मशीनवर टिपा मारताना अस्तराला चुण्या पडतात. कापूस घालावा की साडी? — वाचक, कोथरूड

उत्तर : पुण्याच्या थंडीला आतून दोन जुन्या सुती साड्यांचे थर पुरेत. पिंजलेला सुटा कापूस घातलात तर टाके जवळजवळ घ्यावे लागतात, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. पावसाळ्यात तर तो वाळता वाळत नाही. अस्तरालाही साडी चालते : साडेपाच मीटरची साडी मधोमध कापून दोन्ही भाग लांबीत जोडले की सिंगल बेडचं अस्तर झालं. जोडाआधी काठ कापून टाका. काठ आणि अंग वेगवेगळे आटतात.

चुण्यांचं कारण साधं आहे : वरचा थर फुटाखाली सरकतो, खालचा थर मशीनचे दात ओढतात. अस्तर जमिनीवर उलटं पसरून चारही कडा टेपने ताणून बसवा. ताणायचं, पण खेचायचं नाही. वर साड्या, मग क्विल्ट. दर ४ इंचांवर सेफ्टी पिन. मशीन असेल तर मधून बाहेर शिवत जा आणि फुटाचा दाब कमी करा. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही बरोबरीने ओढणारा फूट, मिळाला तर उत्तमच. हाताने धावदोरा घालताना गोधडीसारखा काठापासून आत फेर घ्यायचा असेल, तर आधी मधून बाहेर कच्चे टाके घाला. नाहीतर सगळं सैल कापड फेऱ्यांपुढे ढकललं जात मध्यावर येऊन साचतं, आणि तिथे चुणीशिवाय त्याला जायला जागा नसते.