रतन लाल यांचं मातीवरचं संशोधन आमच्या अडीच एकराला लागू पडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिन्नर तालुक्यात वडिलांची अडीच एकर जमीन, पावसाळ्यात सोयाबीन किंवा मका, मागून कांदा. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, ०.३४ टक्के निघाला. दुकानदार सांगतो, औषधाचा वीस लिटरचा ड्रम ठिबकमधून सोडा, वर्षात कर्ब एक टक्क्यावर जातो. तेवढ्यात तुम्ही रतन लाल यांच्याबद्दल वाचलंत आणि वाटलं, या मोठ्या शास्त्रज्ञाचं काम आपल्यासारख्या अल्पभूधारकाच्या उपयोगाचं आहे का?

आधी ड्रमचं बघू. एक एकर जमिनीची वरची १५ सेंटिमीटर माती धरली तर तिचं वजन ढोबळमानाने ९ लाख किलो भरतं. म्हणजे ०.३४ चा नुसता ०.३५ व्हायला एकरी ९० किलो निव्वळ कर्ब जमिनीत मुरून टिकावा लागतो. एक टक्क्यावर न्यायचा तर एकरी सहा टनांच्या आसपास. ड्रममध्ये पाण्याऐवजी शुद्ध कोळशाची पूड भरली तरी ती किती किलो होईल, तुम्हीच सांगा. त्या औषधाने मुळ्या सुटतील, पीक दोन दिवस हिरवंगार दिसेल, ते मी नाकारत नाही. पण कर्ब वाढेल हे सांगणं खोटं आहे आणि त्यापायी तुमच्या वडिलांचे पैसे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता रतन लाल. मी निफाडकडचा, तीन एकरांचा शेतकरी. कृषी पदवी घेतल्यावर काही वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं. त्यांचं नाव तेव्हापासून ओळखीचं. हा माणूस आपल्यासारख्याच घरातला. १९४४ साली पश्चिम पंजाबात जन्म, फाळणीत घरदार सोडून कुटुंब हरियाणात आलं, तिथे थोडक्या जमिनीवर शेती. लुधियानाचं कृषी विद्यापीठ, मग दिल्लीची पुसा कृषी संशोधन संस्था, मग १९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट. पण ज्या कामामुळे २०२० चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला त्याचा पाया अमेरिकेत घातलेला नाही, तो नायजेरियात इबादानच्या संशोधन केंद्रात घातला गेला. तिथे ते सतरा वर्षं होते. तिथली माणसंही एक-दोन हेक्टरवाली, ऊनही आपल्यासारखंच. म्हणून ते काम आपल्या जवळचं आहे.

तिथे जंगल तोडून जमीन नांगरली की दोन-चार वर्षांत तिचा कस उतरायचा. लाल यांनी १ टक्क्यापासून १५ टक्के उतारापर्यंत तुकडे आखले. काही नांगरून उघडे ठेवले, काहींवर पिकाचं काड पसरून न नांगरता पेरणी केली. उघड्या तुकड्यांवरून पावसाबरोबर माती वाहून गेली, झाकलेल्यांवरून नावापुरती. पुढे रॉजर रेव्हेल हे नामांकित समुद्रशास्त्रज्ञ तिथे आले असता मातीतला एवढा कर्ब गेला कुठे, असा प्रश्न निघाला. उत्तर असं की तो हवेत गेला. मग तो परत मातीत आणता येईल का? लाल यांचं पुढचं सगळं आयुष्य या प्रश्नामागे गेलं.

एक आकडा मुद्दाम सांगतो, कारण त्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. २००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं की खालावलेल्या जमिनीत हेक्टरी एक टन कर्ब वाढला तर गव्हाचं उत्पादन हेक्टरी २० ते ४० किलोने वाढू शकतं, मक्याचं १० ते २० किलोने. बस, एवढंच. दुप्पट उत्पादनाचं आश्वासन त्यात नाही. मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर पाण्यात आहे. कर्ब असलेली माती पाऊस पिते आणि धरून ठेवते. सिन्नरच्या पूर्व भागात पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन माना टाकतं, तेव्हा ते चार दिवस जास्त तग धरलं तर पीक हाती लागतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरातले काचेचे दोन ग्लास घ्या. मी वडिलांना असंच दाखवलं होतं. एक ढेकूळ बांधावरचं, गवताच्या मुळांखालचं. दुसरं त्याच्यापासून दहा पावलांवरच्या वावरातलं, जिथे वर्षातून तीन-तीन वेळा रोटर फिरतो. दोन्ही सुकवून अलगद पाण्यात सोडली. वावरातलं ढेकूळ मिनिटभरात फुटलं, बुडबुडे आले, पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. बांधावरचं संध्याकाळपर्यंत तसंच बसून होतं, पाणी नितळ आणि ढेकळातून केसासारख्या मुळ्या बाहेर आलेल्या. माती एकच, आजोबांच्या वाटणीची. वडील बराच वेळ त्या ग्लासांकडे बघत बसले. त्या वर्षी त्यांनी रोटर एकदाच मारायला सांगितला. फुटलेलं ढेकूळ म्हणजे वावरात पहिल्या वळवाला धरणारी पापडी, आणि तिच्यावरूनच पाणी निघून जातं.

आता अडचणीचं बोलू. काड शेतात ठेवा हे म्हणणं सोपं, पण गाई-म्हशींना काय घालायचं? मक्याची ताटं हा आपला चारा आहे. अल्पभूधारकाच्या घरी दुधाचाच पैसा आठवड्याला हातात येतो. त्यामुळे इबादानचा प्रयोग जसाच्या तसा इथे उतरत नाही, आणि उतरवायचा हट्टही करू नये. ताटं गोठ्यात जाऊ द्या, पण शेण परत वावरात येऊ द्या, तेही नीट कुजून. आपल्याकडे उकिरडा वर्षभर उन्हात उघडा पडतो, त्यातलं नत्र उडून जातं, पावसाने उरलेलं वाहतं, आणि मे महिन्यात ट्रॉलीभर वाळलेली माती शेतात पडते. खड्डा सावलीत घ्या, ओल ठेवा, वरून पाचट किंवा मातीने झाका. मला विचाराल तर पाच हजारांच्या औषधापेक्षा या खड्ड्यात जास्त कस आहे.

जे जनावर खात नाही ते मात्र पेटवू नका. एप्रिलमध्ये निफाडहून सिन्नरला येताना गव्हाच्या धसकटांचा धूर दिसतो, बांधावर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जळताना दिसतात. बघून जीव तुटतो. सोयाबीनचं भूसही मळणी यंत्रापाशी ढीग करून पेटवतात. ते पसरून टाका, कांद्याच्या वाफ्यातल्या ओळींमध्येही चालतं.

इथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. एका वर्षी मका निघाल्यावर उत्साहाने सगळी ताटं कुट्टी करून गाडली आणि पंधरा दिवसांत कांदा लावला. महिन्याभरात पात पिवळी पडली, वाढ खुंटली. मक्याच्या वाळलेल्या ताटांत एक भाग नत्रामागे साधारण साठ भाग कर्ब असतो. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र जमिनीतून ओढतात, पिकाला उरत नाही. कर्ब टिकायलाही नत्र लागतंच, कारण ह्यूमसमध्ये, म्हणजे पूर्ण कुजून मातीत टिकलेल्या काळ्या भागात, हे प्रमाण दहा-बाराला एक असतं. म्हणून रासायनिक खत विष आहे, अजिबात टाकू नका, असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. काड गाडताना थोडा युरिया द्या आणि लागवडीआधी महिना-दीड महिना जाऊ द्या.

अडीच एकरांत सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हिरवळीच्या खतासाठी ताग. सगळं शेत एका वर्षी गुंतवायचं नाही, घर चालायला पाहिजे. दरवर्षी अर्धा एकर. जूनच्या पावसावर एकरी वीस-पंचवीस किलोच्या हिशेबाने बी, आणि ४०-४५ दिवसांत, फुलावर यायच्या आधी, वापसा बघून गाडायचा. त्या अर्ध्या एकराचं सोयाबीन बुडतं, पण ताग हवेतलं नत्र घेऊन येतो आणि मागून रांगडा कांदा चांगला येतो. पाच वर्षांत सगळ्या शेताला एक फेरा होतो. न नांगरता शेती बघायची असेल तर नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एस.आर.टी. (सगुणा राईस टेक्निक) पद्धत बघा. ती भातासाठी सुरू झाली, इगतपुरी-त्र्यंबककडच्या नातेवाइकांना जास्त जवळची वाटेल. कायमचे गादीवाफे करायचे आणि पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची, हे तत्त्व मात्र तुमच्याकडेही चालेल.

आकडा चढायला वर्षं लागतात. तीन वर्षांत ०.३४ चा ०.४० झाला तर मी पेढे वाटेन. पण तो फरक खरा की नमुना वेगळ्या जागचा होता हे कळलं पाहिजे. म्हणून नमुन्याच्या जागा वहीत मांडून ठेवा, उकिरड्याची, विहिरीजवळची आणि झाडाखालची जागा सोडा, आणि पुढचा नमुना त्याच जागांवरून, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत द्या.

जनावरं किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते आणि मक्याखाली किती एकर असतं ते कळवा, म्हणजे चारा आणि शेणखत दोन्हींचा हिशेब मांडून देतो.