गुडघे, तोफा आणि ब्रिमस्टोन हिल

प्रश्न : मुलीकडे सेंट किट्सला, म्हणजे कॅरिबियन बेटावर, जाणार आहोत. ब्रिमस्टोन हिलचा किल्ला यांच्या गुडघ्यांना झेपेल का? घोडबंदरचा चढ म्हटला तरी कुरकुर असते!
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, गाडी बरीच वर जाते. पुढे बालेकिल्ल्याला मात्र उंच दगडी पायऱ्या. काका खालीच बसले तरी चालेल, तुम्ही चढाच. काळा ज्वालामुखी दगड, चुना त्याच टेकडीचा आणि राबले आफ्रिकेतून आणलेले गुलाम. तोफांपेक्षा मला तेच जास्त दिसलं. 1782 मध्ये फ्रेंचांनी महिनाभर वेढा घालून इंग्रजांकडून किल्ला घेतला, पुढच्याच वर्षी तहात परत दिला. 1853 नंतर ओसाड. डागडुजी विसाव्या शतकातली, पण नजरेला खुपत नाही. टोपी, पाणी न्याच; सावली जेमतेम.